स्क्रीन अनलॉक करताना ‘पासवर्ड एक्स्पायर्ड’ आलं तर काय करायचं

जेवून जागेवर यावं, पासवर्ड टाकावा आणि स्क्रीन उघडण्याऐवजी ‘युवर पासवर्ड हॅज एक्स्पायर्ड अँड मस्ट बी चेंज्ड’ ही ओळ समोर यावी. नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. मागे अर्धी भरलेली एक्सेल शीट उघडी असते, एक मेल लिहून पाठवायची राहिलेली असते, आणि पुढ्यात फक्त ‘ओके’चं बटण असतं. अशा वेळी घाबरून केलेल्या दोन-तीन गोष्टींनीच खरं नुकसान होतं, पासवर्डची मुदत संपल्याने नव्हे. म्हणून हा लेख ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरून काम करताना पहिल्यांदाच या प्रसंगाला तोंड देणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. एक्स्पायर झालेला पासवर्ड म्हणजे चुकलेला पासवर्ड नव्हे. लोकलच्या पासची तारीख उलटली, तरी त्यावरचा फोटो आणि नाव तुमचंच असतं. इथेही तसंच आहे. संगणकाने तुम्हाला ओळखलंय, फक्त पुढे जाण्याआधी नवीन पासवर्ड ठरवायला सांगतोय. आणि तो नवीन ठरवण्यासाठी जुना पासवर्डच लागणार आहे. त्यामुळे तो डोक्यातून काढून टाकू नका, आणि ‘हा चालत नाही, दुसरा कुठला होता बरं’ असं म्हणत मागचे पासवर्ड एकेक करून टाकून पाहू नका.

पहिल्या मिनिटात काय करायचं

पॉवर बटणाला हात लावू नका. स्क्रीन लॉक असली तरी मागची कामं जशीच्या तशी चालू असतात. पासवर्ड बदलून आत गेलात की सगळ्या खिडक्या होत्या तिथेच दिसतात. बटण दाबून संगणक बंद केलात तर जे सेव्ह केलं नव्हतं ते गेलं, आणि पुन्हा चालू झाल्यावर तीच ओळ समोर येणार.

मग ओळ नीट वाचा. लॉक स्क्रीनवर साधारण तीन वेगवेगळ्या तक्रारी येतात आणि घाईत त्या सारख्याच वाटतात. ‘द पासवर्ड इज इनकरेक्ट’ म्हणजे टाईप करताना काहीतरी चुकलं. ‘एक्स्पायर्ड’ किंवा ‘मस्ट बी चेंज्ड’ म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, मुदत संपली. ‘लॉक्ड आउट’ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा चुकीचा पासवर्ड गेला आणि खातं काही काळापुरतं बंद झालं. पहिल्याचा उपाय सावकाश टाईप करणं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणं, आणि तिसऱ्याचा हात आवरून थांबणं किंवा हेल्पडेस्कला फोन करणं.

पहिली तक्रार आली तर मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट हमखास तपासावी. लॉक होण्याआधी तुम्ही मराठी कीबोर्डवर टाईप करत असाल, तर लॉक स्क्रीनवरही तोच कीबोर्ड लागलेला राहू शकतो. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरं जातायत हे कळायला मार्ग नसतो. विंडोजमध्ये लॉक स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषेची तीन अक्षरं दिसतात. ती इंग्रजीची नसतील तर विंडोज की दाबून धरून स्पेसबार दाबा, भाषा बदलेल. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं तर टाईप केलेली अक्षरंही दिसतात. शेजारी कोणी उभं नाही ना, एवढं पाहून घ्या. कॅप्स लॉकही तेव्हाच बघा.

हे दुपारीच का होतं

ज्या ऑफिसात सगळ्या मशीनचा कारभार एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालतो, ज्याला आयटीवाले डोमेन म्हणतात, तिथे पासवर्डची मुदत नुसत्या तारखेने संपत नाही. ती तासा-मिनिटांनी मोजली जाते. मायक्रोसॉफ्टची मूळ मुदत ४२ दिवसांची. बऱ्याच कंपन्या ती आपल्या सोयीने वाढवतात. मागच्या खेपेला तुम्ही दुपारी साडेतीनला पासवर्ड बदलला असेल, तर या खेपेलाही तो साडेतीनच्या सुमाराला संपणार. सकाळी लॉगिन सुरळीत होतं, चहा पिऊन परत येता आणि तोच पासवर्ड नाकारला जातो. कोणी काही गडबड केलेली नसते, घड्याळ पुढे गेलेलं असतं इतकंच.

मुदत संपायच्या आधी सूचना येते. विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे ती ५ दिवस आधीपासून यायला लागते. पण ती प्रामुख्याने साइन-इन करताना येते आणि कोपऱ्यात थोडा वेळ राहून निघून जाते. जे लोक आठवडाभर साइन-आउट करतच नाहीत, नुसती स्क्रीन लॉक करून घरी जातात, त्यांच्या ती नजरेलाही पडत नाही.

मुदत संपली त्या क्षणी संगणक तुम्हाला बाहेर काढत नाही, हेही लक्षात ठेवा. लॉगिनच्या वेळी सर्व्हरने तुमच्या मशीनला एक डिजिटल परवाना दिलेला असतो. मूळ सेटिंगमध्ये तो १० तास चालतो. तोवर उघडी असलेली कामं चालू राहतात. नंतर हळूहळू एकेक दार बंद होऊ लागतं: आधी सामायिक फोल्डर उघडत नाही, मग प्रिंटर ऐकत नाही, मग मेल पासवर्ड मागू लागते. ‘नेटवर्क स्लो आहे’ म्हणून कितीतरी जण तासन्तास वाट बघत बसतात. एकाच दुपारी अशा दोन-तीन गोष्टी बिघडल्या, तर आधी पासवर्डची तारीख बघावी.

ऑफिसातल्या विंडोज मशीनवर

तुम्ही ऑफिसात आहात, केबल किंवा ऑफिसचं वाय-फाय जोडलेलं आहे, तर काम सोपं आहे.

१. लॉक स्क्रीनवर जुनाच पासवर्ड टाका. एक्स्पायर झाल्याची ओळ आली की ‘ओके’ दाबा.

२. आता चार चौकटी दिसतील: सगळ्यांत वर तुमचं यूझरनेम, खाली जुना पासवर्ड, नवीन पासवर्ड आणि नवीन पासवर्ड पुन्हा एकदा. जुन्याची चौकट रिकामी असेल तर त्यात जुनाच भरा. घाईत तिथे नवा टाकला जातो आणि मग ‘इनकरेक्ट’ येतं. एका चौकटीतून दुसरीत जायला टॅब वापरा. एंटर दाबलंत तर अर्धवट भरलेला फॉर्म पुढे जातो.

३. बाणाचं बटण दाबा. ‘युवर पासवर्ड हॅज बीन चेंज्ड’ दिसलं की ‘ओके’. स्क्रीन उघडेल.

काही मशीनवर लॉक स्क्रीन जुन्या पासवर्डनेच सरळ उघडते, काहीच विचारत नाही. मशीनने सर्व्हरला न विचारता स्वतःजवळच्या नोंदीवरून तुम्हाला आत घेतलं, असा त्याचा अर्थ. मग आत गेल्यावर लगेच कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा आणि ‘चेंज अ पासवर्ड’ निवडा. पुढच्या चौकटी त्याच.

दुसऱ्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल तर ही तीन बटणं तुमच्याच टेबलावरचा संगणक पकडतो. तिकडच्या मशीनसाठी डिलीटऐवजी एंड दाबायचं. पण पासवर्ड आधीच एक्स्पायर झाला असेल तर बऱ्याच ठिकाणी रिमोट डेस्कटॉप दारातूनच परत पाठवतो, कारण तिथे तुमची ओळख खिडकी उघडण्याच्या आधीच तपासली जाते आणि नवीन पासवर्ड टाकायला जागाच नसते. अशा वेळी पासवर्ड दुसऱ्या वाटेने बदलावा लागतो: ऑफिसातल्या मशीनवर, कंपनीच्या पोर्टलवर किंवा हेल्पडेस्ककडून.

नवा पासवर्ड घेतच नाही तेव्हा

लोक सगळ्यांत जास्त अडकतात ते इथे. नवीन पासवर्ड टाकला की लांबलचक इंग्रजी वाक्य येतं: दिलेला पासवर्ड डोमेनच्या लांबीच्या, गुंतागुंतीच्या किंवा इतिहासाच्या अटींत बसत नाही. नेमकी कुठली अट मोडली, हे ते वाक्य सांगत नाही. त्यामुळे एकेक अट आपणच ताडून पाहायची.

लांबी: मूळ सेटिंग किमान ७ अक्षरांचं आहे, पण हल्ली कंपन्या १२ किंवा १४ मागतात. तुमच्या कंपनीचा आकडा विचारून ठेवा.

गुंतागुंत: मोठी लिपी, छोटी लिपी, अंक आणि चिन्हं यांतले किमान तीन प्रकार लागतात. शिवाय पासवर्डात तुमचं यूझरनेम किंवा नावाचा भाग चालत नाही. कित्येकांचा पासवर्ड इथेच अडतो, कारण स्वतःच्या नावापुढे चार आकडे लावायची सवय हाताला लागलेली असते.

इतिहास: मूळ सेटिंगमध्ये डोमेन मागचे २४ पासवर्ड लक्षात ठेवतं. जुन्यांपैकी कुठलाही परत चालत नाही.

आणि चौथी अट त्या वाक्यात लिहिलेलीच नसते. ती म्हणजे पासवर्डचं किमान वय. मूळ सेटिंगप्रमाणे पासवर्ड बदलल्यावर एक दिवस तो पुन्हा बदलता येत नाही. सकाळी बदललात, आवडला नाही, दुपारी परत बदलायला गेलात, तर वरचंच वाक्य येतं आणि माणूस उगाच चिन्हं वाढवत बसतो. हेल्पडेस्कने आजच रीसेट करून दिला असेल आणि ‘पुढच्या लॉगिनला बदलायला लाव’ ही खूण करायला विसरले असतील, तरी हेच होतं. तेव्हा सगळ्या अटी पाळूनही पासवर्ड नाकारला जात असेल, तर हेल्पडेस्कला नेमकं हेच विचारा: आज रीसेट झालाय, किमान वयामुळे अडतोय का?

लॅपटॉप घरी आणि ऑफिस लांब

समजा तुमचं ऑफिस पुण्यात आहे, गणपतीला चिपळूणला गावी आला आहात आणि आठवडाभर तिथूनच काम करायचं ठरलंय. चौथ्या दिवशी पासवर्डची मुदत संपते. गोंधळ असा होतो की लॅपटॉप जुन्या पासवर्डने उघडतो, पण व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून देणारा प्रोग्रॅम) मात्र तोच पासवर्ड नाकारतो. मग माणूस म्हणतो, ‘पासवर्ड बरोबर आहे, लॅपटॉप उघडतोय की!’

दोन्ही खरं आहे. लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाही तेव्हा तो स्वतःजवळ जपून ठेवलेल्या शेवटच्या नोंदीवरून तुम्हाला ओळखतो. त्या नोंदीला मुदत संपल्याची खबरच नसते. व्हीपीएन थेट सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हर नाही म्हणतो. सर्व्हरवर नवा पासवर्ड ठरवलात की एकाच खात्याचे दोन पासवर्ड होतील, एक लॅपटॉपच्या मनातला आणि एक सर्व्हरच्या. पुढचं सगळं काम या दोघांना एका पासवर्डवर आणण्याचं आहे, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे.

आधी जुन्या पासवर्डने लॅपटॉप उघडा आणि घरचं इंटरनेट जोडा. कंपनीचं पासवर्ड बदलण्याचं वेब पोर्टल असेल तर त्यावर नवा पासवर्ड ठरवा. ही बहुधा सगळ्यांत सरळ वाट. पोर्टलला ओळख पटवायला फोन नंबर किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप आधी नोंदवलेलं लागतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते उरकून टाका, अडल्यावर नोंदवता येत नाही.

पोर्टल नसेल तर हेल्पडेस्कला फोन करा. बोलताना पाच गोष्टी एका दमात सांगितल्यात तर निम्मा वेळ वाचतो: यूझरनेम, लॅपटॉप घरी आहे, जुन्या पासवर्डने उघडतो, व्हीपीएन लागत नाही, आणि स्क्रीनवर आलेली ओळ शब्दशः. ते तात्पुरता पासवर्ड देतील. आता सावध राहा. तो तात्पुरता पासवर्ड लॅपटॉपच्या लॉक स्क्रीनवर चालणार नाही, कारण लॅपटॉपला तो अजून ठाऊकच नाही. तो व्हीपीएनच्या खिडकीत टाकायचा. काही व्हीपीएन तिथल्या तिथे नवा पासवर्ड ठरवू देतात. काहींना ते जमत नाही आणि ‘आधी बदला’ अशी खूण असलेला पासवर्ड ते सरळ नाकारतात. तसं झालं तर ती खूण काढून द्यायला सांगा.

व्हीपीएन जोडला गेला की कंट्रोल, ऑल्ट, डिलीट आणि ‘चेंज अ पासवर्ड’. जुन्याच्या चौकटीत आता तात्पुरता पासवर्ड टाकायचा. खूण काढून घेतली असेल तर किमान वयाची अट इथे आड येऊ शकते. मग हा बदल दुसऱ्या दिवशी करायचा, आणि तोवर तात्पुरत्यालाच नवा पासवर्ड समजायचं.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. व्हीपीएन चालू असतानाच विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा, आणि नव्या पासवर्डने उघडा. लॅपटॉप त्या क्षणी सर्व्हरला विचारतो, होकार मिळतो आणि तो आपली जुनी नोंद पुसून नवी लिहून ठेवतो. पासवर्ड पोर्टलवर बदलला असेल तर या पायरीशिवाय लॅपटॉपला तो कधी कळणारच नाही. पायरी गाळून लॅपटॉप बंद केलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॉक स्क्रीन नवा पासवर्ड नाकारते. तेव्हा जुना टाकायचा, व्हीपीएन नव्याने जोडायचा आणि लॉक-अनलॉकची पायरी तेव्हा तरी पूर्ण करायची.

पिन वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी

रोज पिन किंवा बोटाच्या ठशाने स्क्रीन उघडत असाल, तर मुदत संपल्याचं लॉक स्क्रीनवर बहुधा कळत नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो आणि त्याची मुदत पासवर्डशी बांधलेली नसते. आत गेल्यावर कोपऱ्यात ‘विंडोज नीड्स युवर करंट क्रेडेन्शियल्स’ अशी सूचना येते. ती बाजूला सारू नका. स्क्रीन लॉक करा, ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये किल्लीचं चिन्ह निवडा आणि एकदा पासवर्डने आत या. अडचण असेल तर ती तिथे उघड होईल.

महिनोन्‌महिने पिनच वापरल्याने खरा पासवर्डच आठवत नाही, असंही खूप होतं. त्याला रीसेट हाच मार्ग. अंदाज लावत बसू नका.

बदलल्यानंतर खातं लॉक का होतं

पासवर्ड बदलला, स्क्रीन उघडली, सगळं मार्गी लागलं, आणि अर्ध्या तासाने ‘लॉक्ड आउट’. तुम्ही काहीच टाईप केलेलं नसतं. दोषी असतो तुमचा फोन. त्यात ऑफिसच्या मेलचा जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो, आणि तो तोच पुन्हा पुन्हा सर्व्हरला पाठवत राहतो. ऑफिसच्या वाय-फायला जोडलेला टॅब, दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममधल्या संगणकावर लॉक करून सोडलेलं तुमचं सेशन, जुन्या पासवर्डने जोडलेली सामायिक ड्राइव्ह, हे सगळे तेच करतात. सर्व्हरच्या नजरेत ती चुकीच्या प्रयत्नांची रांग असते.

म्हणून बदलण्याआधीच फोन फ्लाइट मोडवर टाका. पासवर्ड बदला. मग फोनमध्ये मेल आणि वाय-फाय दोन्हीकडे नवा पासवर्ड भरा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून ऑफिसच्या सर्व्हरच्या नावाने जुन्या नोंदी असतील तर काढून टाका. इतर कुठे तुमचं सेशन उघडं राहिलं असेल तर तिथे जाऊन साइन-आउट करा.

लिनक्सच्या लॅबमध्ये

लिनक्सवर हिशेब दिवसांचा असतो, तासांचा नाही. १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले, या आकड्यात शेवटच्या बदलाची नोंद ठेवली जाते. हा दिवस जागतिक वेळेप्रमाणे पालटतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्यामुळे रात्री लॉक करून गेलेला विद्यार्थी सकाळी आल्याआल्याच अडकतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (वेगवेगळ्या आवृत्त्यांत) मूळ मुदत ९९९९९ दिवसांची, म्हणजे सुमारे २७४ वर्षांची असते, तेव्हा घरच्या लिनक्सवर हा प्रश्न सहसा येत नाही. कॉलेज किंवा कंपनीने मुदत लावली असेल तरच येतो.

लिनक्समध्ये आत घेण्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. हा माणूस तोच आहे का, हा पहिला. आणि या खात्याला आत्ता आत येता येईल का, मुदत संपलेली नाही ना, हा दुसरा. लॉगिनची मुख्य स्क्रीन दोन्ही विचारते आणि गरज पडली तर नवा पासवर्डही मागते. स्क्रीन लॉक करणारे छोटे प्रोग्रॅम सगळेच तेवढे पूर्ण नसतात. आयथ्रीलॉकसारखा प्रोग्रॅम पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दार उघडतो, मुदत बघतच नाही. दुसऱ्या काही ठिकाणी मुदत संपल्याचं कळतं पण नवा पासवर्ड टाकायला चौकटच नसते, आणि माणूस बरोबर पासवर्ड टाकत राहतो तरी दार काही उघडत नाही.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं जाईल. यूझरनेम टाका, मग जुना पासवर्ड. टाईप करताना ठिपकेसुद्धा दिसणार नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, इथली पद्धतच तशी आहे. पासवर्ड लगेच बदलणं आवश्यक आहे, अशी ओळ येईल आणि पुन्हा एकदा चालू पासवर्ड विचारला जाईल. तो परत जुनाच टाकायचा. इथे नवा टाकून बहुतेक जण चुकतात. त्यानंतर नवा, मग नवा पुन्हा. आत पोहोचलात की इंग्रजीत ‘एक्झिट’ टाईप करून एंटर दाबा, आणि कंट्रोल-ऑल्टसोबत एफ२ दाबून आपल्या स्क्रीनवर परत या. ती तिथे नसेल तर एफ१ किंवा एफ७ बघा. आता नव्या पासवर्डने लॉक उघडेल.

लॅबच्या मॅडमनी किंवा सरांनी परस्पर रीसेट करून दिला असेल, तर ब्राउझर उघडताना ‘कीरिंग’साठी, म्हणजे जपून ठेवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीसाठी, पासवर्ड विचारणारी चौकट येऊ शकते. तिथे सगळ्यांत जुना, म्हणजे रीसेटच्या आधीचा पासवर्ड चालतो, कारण ती तिजोरी अजून त्याच किल्लीने बंद आहे. तो टाकून मग तिजोरीचा पासवर्ड बदलून घ्या.

घरच्या संगणकावर

घरच्या विंडोजवर अचानक ‘एक्स्पायर्ड’ आलं तर दोन शक्यता. मायक्रोसॉफ्ट खात्यात दर ७२ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारी एक खूण असते. ती कधीतरी लावली गेली असेल तर खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन काढता येते. किंवा संगणकावरचं खातं स्थानिक आहे आणि त्याला तीच ४२ दिवसांची मुदत लागली आहे. पासवर्ड बदलून आत जा. मग कमांड प्रॉम्प्ट (आदेश टाईप करायची विंडोजची काळी खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी छोट्या लिपीत ‘नेट अकाउंट्स’ हे दोन शब्द टाईप करून एंटर दाबा. येणाऱ्या यादीत ‘मॅक्सिमम पासवर्ड एज’समोर आकडा दिसेल. घरात दोघं-तिघंच वापरत असतील तर ही मुदत काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच दोन शब्दांपुढे एक जागा सोडून स्लॅश, ‘मॅक्सपीडब्ल्यूएज’ सलग, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि ‘अनलिमिटेड’ लिहिलं की काम झालं. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग करू नका.

नवा पासवर्ड कसा निवडायचा

नेमाने पासवर्ड बदलायला लावण्याने सुरक्षा वाढते, ही समजूत आता तज्ज्ञांनीच सोडून दिली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की एखाद्याचा जुना पासवर्ड ठाऊक असेल, तर नवा शोधायला फार वेळ लागत नाही. त्यांनी तपासलेल्या खात्यांपैकी ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड तीन सेकंदांच्या आत निघाला. कारण लोक शेवटचा १ काढून २ लावतात, किंवा महिन्याचं नाव बदलतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच कारणाशिवाय ठराविक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असं सुचवलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून ही मुदत वगळली. तुमच्या कंपनीत नियम अजून असेल तर तो पाळावा लागेलच. पण आयटीच्या बैठकीत हा विषय काढायला कोणी संकोचू नये.

नियम आहे तोवर निवड तरी चांगली करा. गणपती, पुणे, शिवबा, मुलांची नावं, पुढे अॅटचं चिन्ह आणि चालू वर्ष, ही जोडणी सगळ्यांनाच सुचते, आणि पासवर्ड चोरणाऱ्यांनाही सगळ्यांत आधी तीच सुचते. त्याऐवजी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहा, मध्ये एखादं चिन्ह आणि आकडा घाला. खलबत्ता, तिकीट, उंबर आणि गिरणी असे चार शब्द एकत्र आले की लांबीची अट आपोआप सुटते आणि डोळ्यांपुढे चित्रही राहतं. हेच चार मात्र वापरू नका, ते आता छापले गेले आहेत. पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळा. लॉक स्क्रीनवर किंवा फोनमध्ये तो कीबोर्ड मिळेलच याची खात्री नसते.

मेलमधल्या सूचनेवर विश्वास ठेवू नका

‘तुमचा पासवर्ड २४ तासांत एक्स्पायर होतोय, इथे क्लिक करा’ अशी मेल आली, की नव्याने लागलेला माणूस तिला पटकन बळी पडतो, कारण खऱ्या सूचना त्याने नुकत्याच पाहिलेल्या असतात. मेलमधल्या लिंकवरून पासवर्ड कधीच बदलू नका, मेल खरी असली तरीसुद्धा. कंट्रोल, ऑल्ट, डिलीटची वाट त्यासाठीच आहे. ती तीन बटणं थेट विंडोजकडे जातात, मधला कुठलाही प्रोग्रॅम ती अडवू शकत नाही, त्यामुळे समोर येणारी स्क्रीन खरीच असते. पोर्टल वापरायचं तर त्याचा पत्ता स्वतः टाईप करा किंवा आधी जपून ठेवलेला उघडा. हेल्पडेस्कचा खरा माणूस जुना पासवर्ड कधी विचारत नाही, त्याला तो लागतच नाही. फोनवर कोणी विचारला तर फोन ठेवा आणि ऑफिसच्या नंबरवर स्वतः उलट फोन करा.

पुढच्या वेळी आधीच

मुदत नेमकी कधी संपणार, हे आजच बघता येतं. ऑफिसच्या नेटवर्कवर असताना कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘नेट’, एक जागा, ‘यूझर’, एक जागा, तुमचं यूझरनेम, एक जागा, आणि स्लॅशला चिकटून ‘डोमेन’ असं टाईप करा. ‘पासवर्ड एक्स्पायर्स’ या ओळीपुढे तारीख आणि वेळ दोन्ही येतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये सी-एच-ए-जी-ई ही पाच अक्षरं, एक जागा, वजा चिन्हाला चिकटून छोटा एल, एक जागा आणि यूझरनेम टाका. तिथेही तारीख मिळते.

ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि तीन-चार दिवस आधीची आठवण लावा. बदलायला मंगळवार किंवा बुधवारची सकाळ निवडा, ऑफिसात असताना. शुक्रवारी संध्याकाळी बदललेला पासवर्ड सोमवारी आठवत नाही, आणि शनिवार-रविवारी हेल्पडेस्कचा फोन बऱ्याच ठिकाणी कोणी उचलत नाही. सकाळी बदललात म्हणजे पुढची मुदतही सकाळीच संपेल, आणि दिवसभरात सगळ्या मशीनवर नवा पासवर्ड बसवायला वेळ मिळेल. सुट्टीवर किंवा गावी जाण्याआधी ही तारीख सुट्टीच्या आत पडत नाही ना, तेवढं बघा. पडत असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातच बदलून घ्या, आणि लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी एकदा लॉक करून नव्या पासवर्डने उघडून बघा.